निकाल उलटा आला तर काय कराल? मार्केटिंग रिसर्चमध्ये येऊ पाहणाऱ्यांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: संख्याशास्त्राची पदवी हातात येते आहे, आकडे आवडतात, पण आयुष्यभर नुसत्या आकड्यांसमोर बसायचं नाही, माणसांबद्दल कुतूहल आहे. मग मार्केटिंग रिसर्चमध्ये शिरावं का? एमबीए लागतंच का? एजन्सी बरी की कंपनी? आणि एआय आल्यावर या पेशात काही उरेल का?

मी या धंद्यात वीसेक वर्षं काढली. निम्मी एजन्सीत, म्हणजे दुसऱ्यांसाठी रिसर्च करून देणाऱ्या संस्थेत, निम्मी तो रिसर्च मागवणाऱ्या कंपनीच्या बाजूला, त्यामुळे दोन्हीकडची गाऱ्हाणी तोंडपाठ आहेत. उत्तर लांबणार आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा पेशा म्हणजे सर्व्हे वाटतो. प्रश्नावली करायची, लोकांकडून भरून घ्यायची, टक्केवारी काढायची, आलेख लावायचे. ही सगळी कामं करावी लागतातच, पण आपल्याला पैसे मिळतात ते त्याआधीच्या एका खटपटीचे. कंपनीत कुणीतरी अडलेलं असतं. विक्री घसरली आहे, किंवा नवी वस्तू तयार आहे पण ती बाजारात आणायचा धीर होत नाही, किंवा दोन साहेबांमध्ये जाहिरातीवरून जुंपली आहे. मग कुणीतरी म्हणतं, ‘एक रिसर्च करून घेऊ.’ एजन्सीकडे ब्रीफ, म्हणजे काय हवंय ते सांगणारा कागद, येतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘ग्राहकांचा दृष्टिकोन समजून घेणे.’ हे वाक्य कुठल्याही वस्तूला, कुठल्याही वर्षी चालेल. त्यातून काहीच कळत नाही.

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो: ‘निकाल तुमच्या अपेक्षेच्या उलटा आला, तर सोमवारी सकाळी तुम्ही काय वेगळं कराल?’ याला तीन प्रकारची उत्तरं येतात. कुणी म्हणतं, ‘मग आम्ही हा पॅक आणणार नाही.’ उत्तम, आता काय मोजायचं ते ठरलं. कुणी गोंधळतं, आणि तासाभराच्या बोलण्यातून खरा प्रश्न वेगळाच निघतो. तिसरा प्रकार म्हणजे शांतता. निर्णय आधीच झालेला असतो, रिसर्च हवा असतो तो डोक्यावर धरायला छत्री म्हणून. नवखा माणूस तिन्ही ठिकाणी सारखाच प्रपोजल लिहून मोकळा होतो. ज्याला या तिघांतला फरक ओळखता येतो आणि दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकाला, म्हणजे रिसर्च मागवणाऱ्या कंपनीला, पहिल्या प्रकारात आणता येतं, तो या पेशात टिकतो. बाकीचं सगळं शिकता येतं.

चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर किती महाग पडतं, याचं आमच्याकडे पाठ असलेलं उदाहरण कोका-कोलाचं आहे. १९८५ साली कंपनीनं चव बदलली. त्याआधी जवळजवळ २ लाख लोकांना चव देऊन पाहिली होती आणि नव्या चवीला पसंती मिळाली होती. २३ एप्रिलला नवं पेय जाहीर झालं, लोक भडकले आणि ११ जुलैला, म्हणजे ७९ दिवसांनी, जुनं पेय परत आणल्याची घोषणा करावी लागली. चाचण्या खोट्या नव्हत्या. त्यांनी विचारलं होतं, ‘यातलं कोणतं चवीला बरं?’ लोकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. बाजारात मात्र लोकांपुढे आलं ते वेगळंच: ‘तुमचं जुनं आता मिळणार नाही.’ गटचर्चांमध्ये काही जणांची नाराजी दिसली होती, पण एकीकडे लाखांचा आकडा आणि दुसरीकडे खोलीतली चारदोन चिडलेली माणसं असली, की कुणाचं ऐकलं जातं ते वेगळं सांगायला नको.

मोठ्या आकड्याचा हा मोह जुना आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. त्यातल्या २३-२४ लाख परत आल्या आणि अंदाज निघाला, रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्या मानानं अगदी छोट्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाच्या याद्या टेलिफोन आणि मोटारींच्या नोंदींतून आलेल्या, मंदीच्या काळात फोन आणि मोटार असलेल्यांच्या, शिवाय ज्यांना उत्तर पाठवायची हौस होती त्यांच्याच मतपत्रिका परत आलेल्या. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला हे नवं नसेल. पण वर्गात ते ‘नमुना निवडीतला पूर्वग्रह’ या नावाखाली दोन गुणांसाठी येतं, आणि नोकरीत ते एखाद्या मंगळवारी संध्याकाळी येतं, तेव्हा ग्राहक फोनवर असतो, कोटा, म्हणजे प्रत्येक गटातून घ्यायची ठरलेली संख्या, भरलेला नसतो आणि मुलाखती करून देणारा फील्डवाला म्हणत असतो, ‘आमच्या पॅनेलवर, सर्व्हे भरायला नोंदवलेल्या लोकांत, तरुण भरपूर आहेत, त्यांच्यातूनच संख्या पूर्ण करून देतो.’ तिथे ‘नको’ म्हणता येणं, हे त्या दोन गुणांचं खरं मोल.

तुमचं संख्याशास्त्र कुठे कामाला येईल ते सांगतो, कारण येणाऱ्यांची अपेक्षा बहुधा भलतीच असते. अवघड मॉडेल बांधायची वेळ रोज येत नाही. रोज येते ती शंका घ्यायची वेळ. यदृच्छ पद्धतीनं निवडलेल्या १००० लोकांच्या नमुन्यात ५० टक्क्यांच्या आसपासचा आकडा साधारण ३ टक्के इकडेतिकडे असू शकतो, ४०० लोकांत ५ टक्के, १०० लोकांत १० टक्के. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो, म्हणून ‘अजून शंभर माणसं घेऊ’ या सूचनेनं खर्च वाढतो, अचूकता फारशी वाढत नाही. आता ग्राहक म्हणतो, ‘४०० ठीक आहे, पण मला स्त्री-पुरुष वेगळे दाखवा.’ झाले दोनशे-दोनशे. या दोन गटांत साधारण १० टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर त्यावर बोलू नये, इतकं साधं गणित. पण डीब्रीफच्या, म्हणजे निकाल मांडायच्या, खोलीत ४ टक्क्यांच्या फरकावर अर्धा तास चर्चा रंगलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. क्रॉसटॅबच्या, म्हणजे उत्तरं गटागटांनी फोडून दाखवणाऱ्या तक्त्याच्या, शंभर रकान्यांत ९५ टक्के पातळीवर पाचेक फरक नुसत्या योगायोगानं ‘अर्थपूर्ण’ निघणार, हे तर तुम्हाला माहीतच आहे. ते खोलीत सर्वांत वरिष्ठ असलेल्या माणसाला, त्याचा चेहरा न पाडता सांगणं, याचा अभ्यासक्रम कुठे नसतो.

आणि एक खोच. वरची सगळी गणितं यदृच्छ नमुन्याची. आपण बहुतेक वेळा काम करतो ते ऑनलाइन पॅनेलवर किंवा कोटा भरून, आणि तो नमुना यदृच्छ नसतो. तिथे ‘अधिकउणे ३ टक्के’ असं अहवालाच्या तळाशी छापणं म्हणजे वजनकाटा नीट न ठेवता ग्रॅममध्ये वजन सांगणं. वेटिंगनं, म्हणजे गटांना लोकसंख्येतल्या प्रमाणानुसार कमी-जास्त वजन देऊन, काही तिरकेपणा निघतो, पण सगळा निघत नाही.

आता माणसांकडे येतो. तुम्हाला कुतूहल आहे म्हणता, ते चांगलंच आहे. पण कुतूहल म्हणजे गप्पिष्टपणा नव्हे. माझ्या पाहण्यातले उत्तम मॉडरेटर, म्हणजे गटचर्चा चालवणारे, मित्रांच्या टोळक्यात फारसे बोलत नाहीत. प्रश्न विचारून झाल्यावर चार-पाच सेकंद गप्प बसणं हे या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य. नवखा माणूस शांततेला घाबरतो आणि स्वतःच पर्याय सुचवतो: ‘म्हणजे किंमत जास्त वाटली का?’ समोरचा लगेच हो म्हणतो. आणि अहवालात येतं, ‘किंमत हा मुख्य अडथळा.’ तो अडथळा मॉडरेटरनंच खोलीत आणून ठेवलेला असतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट. घरगुती प्रिंटर बनवणाऱ्या एका कंपनीसाठी आम्ही मोठा सर्व्हे केला होता. ‘महिन्याला साधारण किती पानं छापता?’ असा प्रश्न होता आणि सरासरी चांगली वीस-पंचवीसवर आलेली. त्यावर शाईच्या मासिक वर्गणीची योजना आखली जात होती. दरम्यान मला आठ-दहा घरांत प्रत्यक्ष जाऊन यायला सांगितलं. मला ते कमीपणाचं वाटलं होतं, कारण तोवर मी ‘अॅनालिस्ट’ झालो होतो. पहिल्याच घरी प्रिंटरवर कपड्याच्या घड्या. दुसऱ्या घरी गृहस्थांनी मोठ्या उत्साहानं मला छापून दाखवायला बटण दाबलं आणि शाई वाळलेली निघाली. ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. सर्व्हेत त्यांनी तीस पानं सांगितली होती. ते खोटं बोलले नव्हते. मुलांची परीक्षा असते त्या महिन्यात ते तीस पानं छापत असत, आणि ‘साधारण’ म्हटल्यावर तोच महिना आठवला. घरी परतताना मी वहीत लिहिलं की यापुढे ‘साधारण किती वेळा’ विचारायचं नाही. ‘शेवटचं कधी छापलं? काय छापलं?’ असं विचारायचं. माणसाला आपली सवय आठवत नाही, प्रसंग आठवतो. योजना रद्द झाली नाही, पण तिची मासिक मर्यादा बदलली. माझ्यापुरता फायदा वेगळाच होता: टेबलमधल्या प्रत्येक आकड्यामागे मला ती वाळलेली शाई दिसू लागली.

म्हणून पहिल्या वर्षात कुणी फील्डवर पाठवत असेल तर नाक मुरडू नका. मुलाखतकारांबरोबर दिवस काढा. तुम्ही एसी खोलीत बसून लिहिलेला अकरावा प्रश्न ते दारात उभं राहून विचारतात तेव्हा समोरच्याच्या कपाळावर कशी आठी पडते ते पाहा. बॅक-चेकचे फोन स्वतः करा. मुलाखत खरोखर झाली का, एवढंच विचारायचं असतं, पण त्या फोनवर लोक काय काय सांगतात! खुल्या प्रश्नांची शे-दोनशे उत्तरं हातानं वाचून त्यांचे कोड पाडा, म्हणजे सारख्या अर्थाच्या उत्तरांना एकच क्रमांक द्या. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण ‘चांगलं वाटतं’, ‘बरं आहे’, ‘ठीक’ या तीन उत्तरांना एकच कोड द्यायचा की तीन, यावर डोकं खाजवताना भाषा कशी फसवते ते कळतं.

भाषेच्या फसवेगिरीवर एक जुना प्रयोग आहे. डोनाल्ड रग यांनी तो १९४१ मध्ये मांडला. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असं एका गटाला विचारलं, तर ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. तशाच दुसऱ्या गटाला ‘बंदी घालावी का’ असं विचारलं, तर ४६ टक्केच हो म्हणाले. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यात व्यवहारात काय फरक? काही नाही. पण ‘बंदी’ हा शब्द कानाला जड लागतो. प्रश्नावली लिहिणाऱ्यानं हा १६ टक्क्यांचा फरक कायम लक्षात ठेवावा. बहुतेक ब्रँड वर्षभरात इतके हलत नाहीत.

आता शिक्षणाचा मुद्दा, जो मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. या क्षेत्रात एका विशिष्ट पदवीशिवाय दार बंद असं नाही. संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, भाषा, सगळीकडून लोक येतात. संख्याशास्त्रवाल्याला सुरुवातीला क्वांटमध्ये (आकड्यांच्या रिसर्चमध्ये) सहज जागा मिळते, मानववंशशास्त्रवाल्याला क्वालमध्ये (मुलाखती-गटचर्चांच्या रिसर्चमध्ये). एमबीएचा उपयोग कंपनीच्या बाजूला जास्त होतो, कारण तिथे वितरण, नफा, जाहिरातीचा खर्च ही भाषा रोज बोलावी लागते. एजन्सीत शिरण्यासाठी ते अपरिहार्य नाही. दोन-तीन वर्षं काम करून मग केलंत तर तिथे शिकवलेल्या निम्म्या गोष्टींवर तुम्हाला शंका विचारता येतील. साधनांचं म्हणाल तर एक्सेल असं आलं पाहिजे की पिव्होट टेबल करताना विचार करावा लागू नये. त्यावर एसपीएसएस किंवा आर, संख्याशास्त्राच्या या दोन सॉफ्टवेअरपैकी एक. पायथन आलं तर उत्तम, नाही आलं म्हणून कुणी नोकरी नाकारणार नाही.

तंत्रांची नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक तंत्र कोणत्या निर्णयासाठी जन्मलं ते पाहा. पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प यांची १९७६ ची किंमतसंवेदनशीलतेची पद्धत चार प्रश्न विचारते: कोणत्या किमतीला वस्तू इतकी स्वस्त वाटेल की दर्जाचीच शंका येईल, कोणत्या किमतीला फायद्याचा सौदा वाटेल, कुठे महाग वाटू लागेल आणि कुठे इतकी महाग की विचारच करणार नाही. झटपट आहे, किमतीचा पट्टा मिळतो. पण स्पर्धक चित्रातच नसतात, आणि विकत घेणाऱ्याला नवख्या वस्तूची किंमत ठाऊकच नसेल तर तो हवेतले आकडे सांगतो. कॉन्जॉइंट या दुसऱ्या तंत्रात आपण थेट किंमत विचारतच नाही. वेगवेगळ्या गुणांची आणि किमतीची जुळणी पुढे ठेवून ‘यातलं कोणतं घ्याल’ एवढंच विचारतो आणि लोक कशाच्या बदल्यात काय सोडतात ते त्यातून काढतो. गणिती मानसशास्त्रातली ही कल्पना १९७१ मध्ये पॉल ग्रीन आणि विठ्ठल राव यांनी मार्केटिंगमध्ये आणली. तुमच्या संख्याशास्त्राला खरं खाद्य इथे आहे. पण चार पॅकपैकी एक निवडायचा एवढाच निर्णय असेल आणि तुम्ही कॉन्जॉइंट विकलंत, तर माशी मारायला तोफ आणली, आणि बिलही तोफेचं लावलं.

‘तुम्ही आमची शिफारस कराल का’ हा ० ते १० चा प्रश्न तर आता सगळ्यांनाच माहीत आहे. फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये तो पुढे आणला. ९ आणि १० देणाऱ्यांच्या टक्क्यांतून ० ते ६ देणाऱ्यांचे टक्के वजा करायचे. आता पाहा: एका कंपनीचे २० टक्के ग्राहक भारावलेले आणि नाराज कुणीच नाही, दुसरीचे ६० टक्के भारावलेले आणि ४० टक्के नाराज. दोघींचा गुण २०. एकीचे बहुतेक ग्राहक सुस्त आहेत, दुसरीच्या घरात भांडण आहे. दोघींना एकच औषध चालेल का? तरीही संचालकांच्या बैठकीत तो एकच आकडा जातो, कारण तो एका ओळीत बसतो. असे आकडे तुम्हाला द्यावे लागतील. देताना दोन्ही टोकं वेगळी दाखवायची सवय लावून घ्या, ग्राहकानं मागितली नसली तरी.

एजन्सी की कंपनी? माझं मत पक्कं आहे: आधी एजन्सी, निदान तीन वर्षं. तिथे वर्षाला जितक्या प्रश्नावल्या हाताखालून जातात तितक्या कंपनीत सहा-सात वर्षांतही जात नाहीत. या महिन्यात विमा, पुढच्या महिन्यात शाम्पू, मग ट्रॅक्टर. हात बसतो. तास वाईट असतात, पगार त्याच अनुभवाच्या कंपनीतल्या माणसापेक्षा बहुधा कमी, आणि शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या टॉपलाइनच्या, म्हणजे मुख्य आकड्यांच्या झटपट सारांशाच्या, मागण्या हा तर जागतिक प्रघात. पण एजन्सीवाल्याला एक गोष्ट कधीच दिसत नाही: त्याच्या अहवालाचं पुढे काय झालं. मी कंपनीत गेलो तेव्हा पहिल्याच महिन्यात कळलं की ऐंशी स्लाइडच्या अहवालातल्या दोन वाचल्या जातात, आणि त्यातली एक भलत्याच कारणासाठी. त्यानंतर माझ्या प्रत्येक स्लाइडचं शीर्षक म्हणजे ‘वयोगटानुसार वापर’ असं नाव न राहता ‘पस्तिशीच्या पुढचे लोक दुसऱ्यांदा घेत नाहीत’ असं पूर्ण वाक्य झालं. हे एजन्सीत असताना कळलं असतं तर किती रात्री वाचल्या असत्या.

या दोन्हींच्या मध्ये आणखी एक जग आहे, त्याकडे पदवीधरांचं लक्ष जात नाही: फील्डवर्क करणाऱ्या कंपन्या, पॅनेल चालवणाऱ्या, डेटा प्रोसेसिंग करणाऱ्या. तिथे नोकरी लवकर मिळते, रुबाब कमी. माझ्या ओळखीतले क्वांटमधले दोन अत्यंत तल्लख लोक डेटा प्रोसेसिंगमधून वर आले आहेत. कच्चा डेटा पाहून ‘हा माणूस माणूस नाही’ असं सांगणारा डोळा तिथेच तयार होतो. वीस मिनिटांची प्रश्नावली चार मिनिटांत संपवणारे स्पीडर, सगळ्या ओळींत ‘४’ वर टिचकी मारत जाणारे स्ट्रेटलाइनर, पैशासाठी दहा नावांनी भरणारे, आणि आता माणसासारखी वाक्यं लिहिणारे बॉट. ऑनलाइन पॅनेलचं हे दुखणं आज सर्वांत मोठं आहे आणि त्यावर इलाज करणाऱ्या माणसांना मागणी आहे.

इथे एआयचा प्रश्न येतोच. तो काय खाणार ते मला बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. मुलाखतींची उतरवणी, खुल्या उत्तरांचं कोडिंग, टेबलं, अहवालाचा पहिला मसुदा, हे गेलंच समजा. निदान त्याला लागणारी माणसं कमी होणार. ‘कृत्रिम उत्तरदाते’ म्हणजे मॉडेललाच ग्राहक समजून प्रश्न विचारणंही जोरात विकलं जातं आहे. प्रश्नावलीची रंगीत तालीम करायला त्याचा उपयोग होतो, मीही करतो. पण मॉडेलला प्रिंटरबद्दल विचारा. ते वीस-पंचवीस पानंच सांगेल, कारण लोकांनी आजवर तेच लिहून ठेवलं आहे. शाई वाळलेली आहे हे त्याला दिसत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. जी कामं यंत्राकडे चालली आहेत, तीच आमची शाळा होती. कोडिंग करून करून मी भाषा शिकलो, टेबलं तपासून तपासून चूक हुंगायला शिकलो. तुम्हाला ती कामं कुणी देणार नाही. मग ती स्वतःहून करा. यंत्रानं कोड केलेल्या हजार उत्तरांतली पन्नास आधी स्वतः कोड करा आणि मग जुळवून पाहा. जिथे जुळत नाही तिथे थांबा. साहेबाला यात वेळेची नासाडी दिसेल. संध्याकाळी करा.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी, कारण ती माझी स्वतःची आहे. एका ब्रँडचा तिमाही ट्रॅकर, म्हणजे दर तीन महिन्यांनी तेच प्रश्न विचारणारा सर्व्हे, माझ्याकडे होता. एका तिमाहीत ब्रँडची ओळख एकदम ८ टक्क्यांनी वाढली. ग्राहकाकडे आनंदीआनंद, जाहिरातवाल्यांचं अभिनंदन, आम्हालाही शाबासकी. सादरीकरणानंतर तीन दिवसांनी मी प्रश्नावलीच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या. त्या तिमाहीत ब्रँडच्या नुसत्या नावांऐवजी चिन्हांची चित्रं दाखवायला सुरुवात झाली होती. चित्र पाहून लोकांना ब्रँड आठवतो, साहजिकच. तो बदल ‘दिसायला बरं’ म्हणून मीच मंजूर केला होता. सगळ्याच ब्रँडचे आकडे वाढले होते, पण आम्ही फक्त आपला रकाना पाहिला. फोन करून सांगावं लागलं. पुढचे दोन आठवडे फार वाईट गेले, अर्धा नमुना नावांवर आणि अर्धा चित्रांवर घेऊन तो टप्पा आमच्या खर्चानं पुन्हा करावा लागला. ग्राहक मात्र टिकला, आणि त्यानंतर त्यांच्याकडचा प्रत्येक अवघड ब्रीफ आमच्याचकडे येऊ लागला. तुम्हालाही कधीतरी असा फोन करावा लागेल. तो करायची ज्याची तयारी नाही त्यानं जाहिरातीच्या बाजूला जावं, तिथे उत्साहाला जास्त मान आहे.

नीतीच्या नियमांचं थोडक्यात. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या एसोमार या संस्थेची संहिता जगभर मानली जाते, ती एकदा पूर्ण वाचून काढा, मोठी नाही. गाभा असा की उत्तर देणाऱ्याची ओळख फोडायची नाही, त्याची संमती घ्यायची, आणि रिसर्चच्या नावाखाली काही विकायचं नाही. तिसऱ्या नियमावर ताण येतो. ‘ज्यांनी नाराजी सांगितली त्यांचे नंबर द्या, आमचे विक्रेते बोलतील त्यांच्याशी,’ असं ग्राहक अगदी सद्भावनेनं मागतो. उत्तरदात्याची संमती नसेल तर द्यायचे नाहीत. पहिल्या वर्षातच ही मागणी येईल, तेव्हा गडबडून जाऊ नका.

आता नोकरीआधीच्या सहा महिन्यांत काय करायचं ते. युरोपियन सोशल सर्व्हे, वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे, अमेरिकेचा १९७२ पासून चालू असलेला जनरल सोशल सर्व्हे यांचा कच्चा डेटा फुकट मिळतो. एक उतरवून घ्या, एकच प्रश्न निवडा, वेट लावून आणि न लावता टक्केवारी काढा आणि फरक का पडला ते अर्ध्या पानात लिहा. दुसरं, एखाद्या साध्या विषयावर बारा प्रश्नांची प्रश्नावली करा आणि पाच माणसांना ती मोठ्यानं विचार करत भरायला सांगा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. ‘हे म्हणजे नक्की काय विचारलंय?’ असं त्यांनी म्हटलं की खूण करा. पहिल्या तीन माणसांतच तुमच्या निम्म्या प्रश्नांचं पानिपत होईल. मग दुरुस्त करा आणि नव्या पाच जणांना द्या.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या चळतीऐवजी ही प्रश्नावली न्या, खाडाखोड केलेली मूळ प्रत, स्वच्छ उतरवून काढलेली नव्हे. मी उमेदवार घेताना ‘तुमची बलस्थानं सांगा’ वगैरे विचारत नाही. असा कागद समोर आला तर एका खोडलेल्या प्रश्नावर बोट ठेवतो आणि विचारतो, ‘हा का काढलात?’ त्यावर जो वीस मिनिटं बोलू शकतो, त्याची पदवी कोणती होती हे मला बरेचदा नंतर अर्ज पाहून कळतं.